आंब्याची वेबसाइट आहे, बॅकलिंका विकत घ्याव्यात का?

आमराई | १० जानेवारी, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. वडिलांच्या काळात सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. चार वर्षांपूर्वी मी पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो आणि घरपोच पेट्या द्यायला लागलो. वेबसाइट दोन वर्षांची आहे. गेल्या हंगामात ६०० च्या आसपास पेट्या थेट गेल्या. त्यातल्या जेमतेम ७० गूगलवर शोधून आलेल्या लोकांनी घेतल्या, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅप आणि ओळखीपाळखी.

'देवगड हापूस ऑनलाइन' असं टाकलं की आमची साइट चौथ्या पानावर दिसते. पहिल्या पानावरच्या दोघांना मी ओळखतो, त्यांचं स्वतःचं एकही कलम नाही. याचा त्रास होतो, खोटं कशाला बोलू.

मागच्या आठवड्यात एका एजन्सीचा फोन आला. ४० बॅकलिंका, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटींवरून आमच्या साइटला दिलेल्या लिंका, सगळ्या 'डीए ५० च्या वरच्या', १८ हजार रुपये, महिन्याभरात पहिलं पान. यंदा मोहोर बरा आलाय, माल एप्रिलच्या सुरुवातीला हाताशी येईल. म्हणजे तीन महिने आहेत.

फायदा होतो का? गूगल शिक्षा करतं म्हणतात ते खरं का? १८ हजार गेले तर सोसेन, साइट गेली तर नाही सोसणार.

चहाबिस्किट | १० जानेवारी, रात्री १०.०५

पेटी केवढ्याला?

गिरीमित्र | १० जानेवारी, रात्री ११.२०

साइटी गूगलवर वर आणण्याच्या धंद्यात बारा वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'डीए'चं. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी. मॉझ नावाच्या कंपनीने आपल्या हिशेबाने काढलेला १ ते १०० मधला आकडा. गूगल तो वापरत नाही. शिवाय हा आकडा फुगवता येतो. कुणीतरी सोडून दिलेलं जुनं डोमेन घ्यायचं, त्याचा आकडा आयता ५०-५५ असतो, त्यावर वाट्टेल ते लेख टाकायचे आणि लिंका विकायच्या. ४५० रुपयांना मिळणारी 'डीए ५०' लिंक बहुतेक वेळा अशीच असते. गूगलने मार्च २०२४ च्या नियमांत या प्रकाराला नाव देऊन बंदी घातली आहे.

आता नियम. रँकिंग वाढावं म्हणून पैसे, वस्तू किंवा सेवा देऊन लिंक मिळवणं गूगलच्या नियमांत बसत नाही. जाहिरात म्हणून लिंक घेतली आणि तिला 'नोफॉलो' किंवा 'स्पॉन्सर्ड' असा टॅग, म्हणजे 'ही शिफारस धरू नका' अशी गूगलसाठीची खूण, लावला तर गुन्हा नाही. मात्र मग तिच्यातून रँकिंगला जोर मिळेल अशी अपेक्षा ठेवायची नाही.

शिक्षा दोन तऱ्हांची. एकीत गूगलचा माणूस साइट बघतो आणि 'मॅन्युअल अ‍ॅक्शन' लावतो. तो निरोप सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटच्या मालकासाठी गूगलने दिलेल्या सोयीत, दिसतो. दुसरीत यंत्रच ओळखतं, कुणी काही कळवत नाही. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आला तेव्हा विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइटी रातोरात खाली गेल्या. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मुख्य यंत्रणेतच मिसळला. तेव्हापासून तो सहसा साइटला खाली ओढत नाही, त्या लिंकांची किंमतच शून्य धरतो. डिसेंबर २०२२ मध्ये हेच काम स्पॅमब्रेन या यंत्रणेकडे मोठ्या प्रमाणावर दिलं.

तेव्हा आमराई, साइट उडण्याची भीती तुम्हाला वाटते त्याहून कमी आहे. पैसे पाण्यात जाण्याची शक्यता मात्र खूपच जास्त आहे.

रोखठोक | ११ जानेवारी, सकाळी ८.१५

गिरीमित्र, नियम पाठ आहेत तुमचे. आता बाजारातलं ऐका.

मी नाशिकच्या एका फर्निचरवाल्याचं काम बघतो. २०२१ मध्ये तो तिसऱ्या पानावर होता. नऊ महिन्यांत मी १४ लिंका विकत घेतल्या, एकेक निवडून. घरसजावटीवर लिहिणाऱ्या, खरे वाचक असलेल्या साइटी. एकेका लिंकेला चार ते नऊ हजार मोजले. दीड वर्षात तो पहिल्या पानावर आला आणि अजून तिथेच आहे. कर्ज, विमा, परदेशी शिक्षण, यातला कुठलाही शब्द शोधा. पहिल्या पानावरच्यांपैकी कुणी लिंक विकत घेतलीच नाही असं मला कुणी शपथेवर सांगावं.

नवी साइट, नाव नाही, ओळख नाही, आणि 'चांगलं लिहा, लिंका आपोआप येतील' हा सल्ला. आपोआप कोण देतं? मी तरी कुणाला दिली नाही.

पण ४० लिंका १८ हजारांत? नका घेऊ. त्या मीही घेतल्या नसत्या.

पांथस्थ | ११ जानेवारी, सकाळी ९.४०

मुळात लिंकेला किंमत का आली ते सांगतो, म्हणजे विकत घेतल्याने काय बिघडतं ते कळेल.

१९९८ साली स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. संशोधनाच्या जगात एखाद्या निबंधाचं वजन त्याचा उल्लेख किती जणांनी, आणि कुणी, केला यावरून ठरतं. तेच त्यांनी वेबला लावलं. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे शिफारस केली, आणि वजनदार पानाची शिफारस जास्त मोलाची. गावात मुलगी बघायला जाताना सगळ्या गल्लीला विचारत नाहीत, ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा दोघांना विचारतात. तसंच.

मी विद्यापीठात शिकवतो. उल्लेखांची देवाणघेवाण करणाऱ्या टोळ्या आमच्याकडेही आहेत, तू माझा उल्लेख कर, मी तुझा करतो. ते पकडले कसे जातात? उल्लेख कमी पडल्याने नाही, नको इतके एकसारखे असल्याने. ४० साइटींवर एकाच महिन्यात 'देवगड हापूस ऑनलाइन' हे नेमके तीन शब्द लिंक होऊन बसले, तर ते यंत्राला दिसायला कितीसा वेळ लागणार? खरे लोक कुणी कंपनीचं नाव लिहितात, कुणी 'इथे बघा' लिहितात, कुणी नुसता पत्ताच चिकटवतात.

चहाबिस्किट | ११ जानेवारी, सकाळी ९.५२

मुलगी बघायला गेल्यावर आंबा मिळतो का, तेवढं सांगा.

पांथस्थ | ११ जानेवारी, सकाळी १०.०१

मे महिन्यात गेलात तर आमरस नक्की!

शब्दवेडी | ११ जानेवारी, दुपारी २.३०

मी विकणारी होते. हे कधी कुठे लिहिलं नव्हतं, पण आमराईंचा प्रश्न मनापासून आहे, म्हणून लिहिते.

२००९ पासून माझा पाककृतींचा ब्लॉग आहे. जुना असल्याने त्याला वजन आलं असावं. रोज दोन-तीन ईमेल येतात, 'तुमच्या ब्लॉगवर आमचा लेख टाका, इतके पैसे देतो'. २०१९ मध्ये घरात आजारपण होतं, पैशांची गरज होती. वर्षभरात १४ लिंका विकल्या, प्रत्येकी १५०० रुपयांना. मसाले, मिक्सर, एक जिमवाला, एक कर्ज देणारी कंपनी. पुरणपोळीच्या लेखात कर्जाची लिंक. लिहिताना आजही कसंतरी होतं.

२०२१ मध्ये सर्च कन्सोलमध्ये निरोप आला: तुमच्या साइटवरून बाहेर जाणाऱ्या लिंका अनैसर्गिक आहेत. माझ्या पाककृती गूगलमध्ये होत्या तिथेच राहिल्या. पण निरोपाचा अर्थ असा की माझ्या ब्लॉगने कुणालाही दिलेल्या लिंकेवर आता भरवसा ठेवला जाणार नाही. मी सगळ्या विकलेल्या लिंकांना नोफॉलो लावलं, चूक कबूल करून फेरविचाराचा अर्ज केला, काही आठवड्यांनी शिक्षा उठली.

आता मुद्दा. ज्या १४ जणांनी पैसे मोजले त्यांना यातलं काहीही कळलं नाही. त्यांच्या सर्च कन्सोलमध्ये ती लिंक आजही दिसत असेल, एजन्सीच्या तक्त्यात आजही 'चालू' असेल. तिच्यात जीव उरलेला नाही. निरोप मला आला होता, त्यांना नाही. मी त्यांना कळवायला हवं होतं. कळवलं नाही.

तुम्ही चौकशी करून, बघून घेतलेली लिंकसुद्धा अशी मरू शकते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

आमराई | ११ जानेवारी, संध्याकाळी ७.१०

शब्दवेडीताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे साका पडलेला आंबा असाच असतो. वरून सोन्यासारखा, देठाशी वास घ्या, फिरवून बघा, काही कळत नाही. कापल्यावर आत पांढरा स्पंजासारखा भाग. फरक इतकाच की गिऱ्हाईक फोन करतं आणि मी दुसरा आंबा देतो.

हिशेबही मांडला. एका पेटीमागे सगळा खर्च जाऊन मला ५०० रुपये सुटतात. १८ हजार वसूल व्हायला ३६ पेट्या जादा जायला हव्यात, म्हणजे गूगलवरून येणारी विक्री निम्म्याने वाढायला हवी, आणि तीही याच हंगामात.

एक विचारू का? समजा मी घेतल्या नाहीत, पण माझ्या वाइटावरच्या कुणी माझ्या साइटसाठी असल्या घाण लिंका विकत घेतल्या तर?

गिरीमित्र | ११ जानेवारी, रात्री ८.३५

हा प्रश्न २०१२ साली सगळ्यांनाच पडला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने 'डिसअव्हाव' नावाची सोय दिली. 'या लिंका माझ्या नावावर धरू नका' अशी यादी कळवता येते. आज असल्या लिंका यंत्रच बाजूला काढतं, त्यामुळे तुमच्यासारख्या साइटने त्या सोयीला हात लावू नये. लोक घाबरून चांगल्या लिंकाही यादीत टाकतात आणि स्वतःचं नुकसान करून घेतात. मॅन्युअल अ‍ॅक्शन आली, किंवा स्वतःच विकत घेतलेल्या लिंका काढून घेता येत नसतील, तरच ती वापरावी.

विलायतीचिंच | १२ जानेवारी, पहाटे ३.४०

लीड्सहून लिहितेय, वेळ त्यामुळे अशी.

हंगामी धंद्याबद्दल बोलताय म्हणून आठवलं. २०१३ च्या फेब्रुवारीत इथली इंटरफ्लोरा ही फुलं पोचवणारी मोठी कंपनी गूगलमधून गायब झाली. इतकी, की तिचं स्वतःचं नाव टाकलं तरी तिची साइट सापडत नव्हती. व्हॅलेंटाइन डेच्या आधी ठिकठिकाणच्या वर्तमानपत्रांच्या साइटींवर त्यांचे जाहिरातवजा लेख आले होते, आत लिंका. १० मार्चला इथला मदर्स डे होता, म्हणजे फुलवाल्यांची दिवाळी. जेमतेम आठवडाभर आधी ती परत आली. सुमारे ११ दिवसांत सुटका झाली, कारण लिंका काढायला माणसं होती आणि वर्तमानपत्रं त्यांचे फोन उचलत होती. आमराईंचा फोन कोण उचलणार? ज्या एजन्सीने लिंका घातल्या ती एप्रिलमध्ये फोन उचलेल का?

बाय द वे, आम्हाला हापूसचं दुःख २०१४ साली कळलं. १ मेपासून युरोपियन युनियनने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, फळमाशीमुळे. त्या वर्षी इथल्या दुकानदारांच्या रिकाम्या काउंटरसमोर उभं राहून आम्ही एकमेकांकडे बघत होतो. पुढच्या वर्षी बंदी उठली तेव्हा पहिली पेटी मी उघडली नाही, नुसती नाकाशी धरून बसले होते.

चहाबिस्किट | १२ जानेवारी, सकाळी ७.३०

विलायतीचिंचताई, शेवटच्या वाक्याला +१००.

गिरीमित्र | १२ जानेवारी, सकाळी ९.१५

इंटरफ्लोराच्या आधीचंही एक सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत जे. सी. पेनी ही मोठी दुकानसाखळी, २०११. न्यूयॉर्क टाइम्सला असं दिसलं की ड्रेसपासून फर्निचरपर्यंत काहीही शोधलं की हीच वर. चौकशी केली तर भलत्याच विषयांच्या शेकडो साइटींवर त्यांच्या लिंका. गूगलने हात फिरवला. सॅमसोनाइटच्या बॅगांच्या शोधात संध्याकाळी सात वाजता पहिला असलेला पेनीचा दुवा नऊ वाजता ७१ वा होता. कंपनीने आपल्याला माहीत नव्हतं असं सांगितलं आणि लिंकांचं काम बघणाऱ्या संस्थेला काढलं.

आणि जानेवारी २०१२ मध्ये गूगलने स्वतःच्या क्रोम ब्राउझरचं पान खाली ढकललं. त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांनी पैसे देऊन लेख लिहून घेतले होते म्हणून. निदान ६० दिवस.

पांथस्थ | १२ जानेवारी, सकाळी ९.३३

६० दिवस! आमराई, तुमचा हंगाम किती दिवसांचा?

आमराई | १२ जानेवारी, सकाळी ९.४१

तेवढाच. एप्रिल आणि मे. सात जूनला पाऊस आला की खेळ संपला.

रोखठोक | १२ जानेवारी, दुपारी १२.२०

या सगळ्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या, हजारो कोटींच्या कंपन्यांच्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रात बातमी आली म्हणून गूगलला हालचाल करावी लागली. देवगडच्या बागायतदारावर मॅन्युअल अ‍ॅक्शन लावायला कॅलिफोर्नियातून कुणी बसलेलं नाही. लोकांना घाबरवू नका.

माझा सल्ला बदललेला नाही. चाळीस नको, दोन घ्या. ज्या साइटीचे वाचक आंबे विकत घेतात अशी. ती लिंक बघून एखादा खरोखर क्लिक करून पेटी मागवेल का, एवढंच विचारा. उत्तर 'हो' असेल तर गूगलने मोजली काय, न मोजली काय, पैसे वसूल. आणि त्याच पानावर शेजारी कोण बसलंय ते बघा. आंब्याच्या बाजूला ऑनलाइन जुगार आणि झटपट कर्ज असेल तर उठून यायचं.

गिरीमित्र | १२ जानेवारी, दुपारी १२.४५

रोखठोक, क्लिकच्या कसोटीवर शंभर टक्के सहमत. मग तिला स्पॉन्सर्ड टॅग लावायला तुमची हरकत का? गिऱ्हाईक तर तसंही येणार.

रोखठोक | १२ जानेवारी, दुपारी १.०५

कारण मला दोन्ही हवं असतं. प्रामाणिक उत्तर दिलं.

कायदेकानू | १२ जानेवारी, दुपारी ३.००

एक राहून गेलेली बाजू. गूगलचे नियम हा तुमचा आणि गूगलचा मामला. पण पैसे किंवा फुकट पेटी देऊन कुणाकडून आंब्याची स्तुती लिहून घेतलीत आणि ते वाचकाला सांगितलं नाहीत, तर तो ग्राहकाच्या फसवणुकीचा विषय होतो. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर लोकांसाठी नियम आणले, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना निघाल्या. आर्थिक संबंध असेल तर तो उघड सांगावा लागतो. रोखठोक यांच्या 'दोन निवडक' लिंकांनाही हे लागू आहे.

दापोलीचा_मास्तर | १२ जानेवारी, संध्याकाळी ६.२५

मला लिंकेतलं कळत नाही. आंब्यातलं कळतं, चाळीस वर्षं त्यात घालवली.

आमराई, तुम्ही वर साक्याबद्दल चार ओळी लिहिल्यात. असं तुमच्या साइटवर आहे का? शहरातल्या गिऱ्हाइकाला साका म्हणजे आंबा सडका वाटतो. त्याला सांगा की बागेत जमिनीतून येणाऱ्या उष्णतेशी त्याचा संबंध आहे, म्हणून आपण झाडाखाली गवताचं आच्छादन करतो. फळ झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आणे तयार झाल्यावर का उतरवतो ते सांगा. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' ही जात काढली, तिच्यात साका पडत नाही, हे किती जणांना माहीत आहे? भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं. कोकणातल्या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच हापूस म्हणता येतं, कर्नाटकातल्या फळाला नाही, हेही लिहा.

असं लिहिलंत तर मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला पाठवीन. पैसे नकोत.

शब्दवेडी | १२ जानेवारी, संध्याकाळी ६.५०

मास्तर, तुम्ही आत्ता जी देऊ केलीत तीच खरी बॅकलिंक!

आमराई | १२ जानेवारी, रात्री ९.००

मास्तर, नमस्कार. तुमचं वाचून वडिलांना विचारलं. ते आत गेले आणि एक वही घेऊन आले. २२ वर्षांची नोंद. दरवर्षी पहिला मोहोर कधी दिसला, तुडतुडे आणि फुलकिडे किती, फवारण्या कोणत्या तारखांना, अवकाळी पाऊस कधी, पहिली तोड कधी, वाशीला पहिल्या पेटीला काय भाव आला. मला ही वही आहे हेच माहीत नव्हतं. चार वर्षं एका घरात राहतोय.

पांथस्थ | १२ जानेवारी, रात्री ९.१२

ती वही साइटवर टाका. उद्याच्या उद्या. एका बागेची सलग २२ वर्षांची मोहोराची नोंद हवामानावर काम करणारा कुठलाही माणूस शोधत असतो, आणि संदर्भ देताना तो पत्ता देणारच.

चहाबिस्किट | १२ जानेवारी, रात्री ९.१५

वडिलांना माझा दंडवत सांगा. खरंच.

गिरीमित्र | १४ जानेवारी, रात्री १०.४०

आमराईंनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून साइट दाखवली आणि सर्च कन्सोलही बघू दिलं. त्यांच्या परवानगीने लिहितोय, कारण हा घोळ हंगामी धंद्यातल्या बहुतेकांचा असतो.

एक, मुख्य पानावरचा सगळा मजकूर एका सुंदर पोस्टरच्या चित्रात आहे. माणसाला वाचता येतो, पण गूगलला त्या पानावर धड एक वाक्य सापडत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे दरवर्षी जूनमध्ये हापूसचं पान काढून टाकतात आणि पुढच्या मार्चमध्ये नव्या पत्त्यावर नवं पान करतात, नावात साल घालून. लिंक येते ती जुन्या पत्त्याला. पत्ता मेला की लिंक मेली.

कन्सोलमधला लिंकांचा अहवाल उघडला. विकत न घेता ११ साइटींनी यांना लिंक दिलेली आहे! त्यातल्या सात मेलेल्या पानांवर जातात. एक वर्तमानपत्राच्या साइटीवरचा लेख, नोकरी सोडून बागेत परतलेल्या तरुणांवरचा. एक ठाण्याच्या मोठ्या गृहसंकुलाची साइट, तिथे यांनी दोन वर्षं आंबे दिले. दोन खाद्यब्लॉग. आमराईंना यातल्या एकाचीही खबर नव्हती. जी वस्तू ४५० रुपयांना खोटी मिळणार होती, ती खरी घरात पडून होती आणि दर जूनमध्ये आपल्याच हाताने कचऱ्यात जात होती.

आता जुने पत्ते कायमस्वरूपी रीडायरेक्टने एकाच पानाकडे वळवले आहेत. तासाभराचं काम होतं. ते पान आता बारा महिने राहील. पावसाळ्यात त्यावर 'हंगाम संपला, पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवा' एवढं दिसेल.

रोखठोक | १४ जानेवारी, रात्री ११.०५

हे उत्तम काम केलंत. मी एजन्सीवाला असूनही सांगतो, नव्या लिंकेला हात लावण्याआधी जुन्या पत्त्यांची तपासणी मी पहिल्या दिवशी करतो. आमराई, ठाण्यात तसं एक संकुल आहे तर अजून दहा असतील. पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात गाळा घेतलात तर तिथल्या यादीत नाव येतं का तेही बघा.

कोल्हापुरी_मिसळ | १५ जानेवारी, सकाळी ८.००

आमचं गुळाचं आहे. वाचताना घाम फुटला, आम्हीही दर दिवाळीला नवं पान करतो. गिरीमित्र, व्यनि केलाय.

आमराई | २ मार्च, रात्री ८.२०

धागा वर काढतोय, कळवायचं राहिलं होतं.

त्या एजन्सीचा पुन्हा फोन आला. मी सांगितलं, लिंका कुठे लावणार त्या ४० साइटींची यादी आधी पाठवा. ते म्हणाले, काम झाल्यावर देतो. मग विचारलं, त्या पानांवर अजून कुणाकुणाच्या लिंका आहेत? फोन 'सरांना विचारून करतो' म्हणून ठेवला, तो अजून यायचाय. १८ हजारांतून बागेत गवताचं आच्छादन वाढवलं आणि पुठ्ठ्याचे जाड खोके घेतले.

वहीची पहिली दहा वर्षं साइटवर चढवली. वडील शेजारी बसून अक्षर लावून देतात, कारण २००७ च्या पानांवर पाणी सांडलं होतं. मास्तरांनी शब्द पाळला. शिवाय एका कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीने आपल्या प्रकल्पात वहीचा पत्ता दिला आणि परवा ती प्रत्यक्ष बाग बघून गेली. साक्याच्या लेखावर रोज पाच-सहा माणसं येतात.

'देवगड हापूस ऑनलाइन'ला आता दुसऱ्या पानाच्या तळाला आहे. पहिलं पान अजून लांब. ज्यांचं कलम नाही ते दोघे अजून वरच आहेत, आणि तो त्रास कमी झालेला नाही. पण 'आंब्यात साका कसा ओळखावा' असं मराठीत टाकलं तर आम्ही पहिले येतो.

रोखठोक | २ मार्च, रात्री ८.४५

छान! तरी मी दोन निवडक घेतल्याच असत्या.

शब्दवेडी | २ मार्च, रात्री ९.१०

मी आमरसाच्या पाककृतीत तुमच्या साक्याच्या लेखाची लिंक दिली आहे. पैसे न घेता, नोफॉलो न लावता.

चहाबिस्किट | २ मार्च, रात्री ९.१२

जानेवारीपासून विचारतोय. पेटी केवढ्याला?

आमराई | २ मार्च, रात्री ९.३०

पहिली तोड झाल्यावर भाव ठरेल, वडील तसं कधीच आधी सांगत नाहीत. पत्ता व्यनि करा, पहिल्या पाच पेट्यांतली एक तुमची.